सखाराम गणेश देऊस्कर : बंगाली पत्रसृष्टीतील मराठी संपादक

डिसेंबर १९०७ मध्ये सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगली. त्यानंतर कोलकात्याच्या ‘हितवादी’ या बंगाली पत्राच्या चालकांनी आपल्या संपादकांना लोकमान्य टिळकांच्या विरोधात लिहिण्यास सांगितले. संपादक सखाराम गणेश देऊस्कर यांनी नकार देऊन पदाचा राजीनामा दिला. लेखणीपायी नोकरीवर पाणी सोडण्याची ही त्यांची दुसरी वेळ होती.

देऊस्करांचे घराणे मूळचे कोकणातले. त्यांचा जन्म मात्र १७ डिसेंबर १८६९ रोजी देवघरजवळच्या, आज झारखंडमध्ये असलेल्या करौं गावी झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. आत्याने त्यांचा सांभाळ केला आणि मराठी वाङ्मयाची गोडीही तिनेच लावली. १८९३ मध्ये ते देवघरच्या शाळेत शिक्षक झाले. तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी ‘हितवादी’मध्ये लिहिले, तेव्हा नोकरीवरून काढण्याची धमकी मिळाली. देऊस्करांनी शाळा सोडून कोलकाता गाठले आणि त्याच पत्रात मुद्रिते तपासण्याचे काम पत्करले. तेथून ते संपादकपदापर्यंत चढले होते. सुरतेनंतर सोडलेले पद असे कष्टाने मिळवलेले होते.

कोलकात्यात १९०२ मध्ये सुरू झालेल्या शिवाजी उत्सवामागे प्रेरणा देऊस्करांचीच होती. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची धास्ती अंगाईगीतांतून जपणाऱ्या बंगालमध्ये हे काम सोपे नव्हते. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०४ मध्ये कविता लिहिली. १९०६ च्या उत्सवाला तर स्वतः टिळक उपस्थित राहिले.

१९०४ मध्येच त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि विल्यम डिग्बी यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन इंग्रजी राजवटीत देशाची संपत्ती कशी बाहेर जाते आणि कारागीर कसे देशोधडीला लागतात, हे त्यांनी सामान्य वाचकाला उमजेल अशा बंगालीत मांडले. पुढच्याच वर्षी वंगभंगाविरुद्ध स्वदेशीची चळवळ उसळली आणि ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ‘स्वराज्य’ हा शब्द बंगालच्या राजकारणात रुजवण्याचे श्रेय अरविंद घोष यांनी देऊस्करांना दिले आहे. ‘देशेर कथा’चा हिंदी अनुवाद त्यांचे भाचे, पुढे नामवंत संपादक झालेले बाबूराव विष्णू पराडकर यांनी केला.

राजीनाम्यानंतर देऊस्कर कोलकात्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. बंगाली मुलांना त्यांची मातृभाषा एका मराठी माणसाने शिकवावी, यात तेव्हा कोणाला वावगे वाटले नाही. १९१० मध्ये सरकारने ‘देशेर कथा’वर बंदी घातली. त्याच सुमारास प्रकृती खालावल्याने ते करौंला परतले. तेथेच २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.