निःशस्त्रीकरणाच्या पुरस्कर्त्या आल्वा मिर्दाल

आल्वा मिर्दाल यांचा जन्म ३१ जानेवारी १९०२ रोजी स्वीडनमधील उप्साला येथे झाला. माहेरचे आडनाव रायमर. वडील बांधकामाचा व्यवसाय करीत. विचाराने ते समाजवादी होते. पुढे हे कुटुंब एस्किलस्टूना येथे राहू लागले. सुऱ्या-कात्र्यांच्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. तेथे मुलांसाठी सरकारी हायस्कूल होते, पण मुलींना त्यात प्रवेश नव्हता. त्यामुळे प्राथमिक शिक्षण संपताच हुशार आल्वाला कचेरीत कारकुनी धरावी लागली. आज स्त्री-पुरुष समतेसाठी ज्या देशाचे नाव प्रथम घेतले जाते, तेथेही शंभर वर्षांपूर्वी ही स्थिती होती, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आल्वाने हट्ट सोडला नाही. शेवटी वडिलांनी खटपट करून मुलींच्या एका लहानशा गटासाठी वेगळा वर्ग मंजूर करून घेतला. शिक्षक मुलांच्याच शाळेतले. फी मात्र मुलांपेक्षा कितीतरी जास्त! १९२२ साली बाहेरून परीक्षा देऊन आल्वा उत्तीर्ण झाली आणि १९२४ मध्ये स्टॉकहोमला पदवीधर झाली. सरकारी हायस्कुले मुलींना खुली करण्याचा निर्णय १९२७ चा. वडील त्याची वाट पाहत बसले असते तर मुलगी कचेरीतच राहिली असती.

१९२४ मध्येच गुन्नार मिर्दाल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे पुढे जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ झाले. सोशल डेमोक्रॅटिक पक्षात दोघांनीही काम केले. १९३४ मध्ये देशातील घटत्या जन्मदरावर दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाने मोठी खळबळ उडाली. घरे अपुरी, आणि लग्न होताच बाईची नोकरी जाते. अशा स्थितीत मुले होणार कशी, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. लग्न किंवा बाळंतपण यासाठी बाईला कामावरून काढता येणार नाही, असा कायदा १९३९ मध्ये झाला. त्यापूर्वी या प्रश्नावर नेमलेल्या समितीच्या सचिव आल्वाबाईच होत्या. १९४८ पासून गरीब-श्रीमंत असा भेद न करता प्रत्येक मुलामागे भत्ता मिळू लागला. बालशिक्षिका तयार करण्यासाठी १९३६ मध्ये त्यांनी संस्था काढली व बारा वर्षे चालवली. मला स्वतःला त्यांचे हे काम सर्वांत मोलाचे वाटते.

मात्र त्याच पुस्तकात, मतिमंद व तत्सम ठरविलेल्या लोकांची संततिबंदीची शस्त्रक्रिया करण्याला पाठिंबा होता, सक्तीलासुद्धा. पुढे १९७५ पर्यंत स्वीडनमध्ये हजारो माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत कित्येकांवर सक्ती वा दडपण होते. दुबळ्यांचा कैवार घेणाऱ्या व्यक्तीला यात अन्याय दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

१९४९ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रसंघात व नंतर युनेस्कोत मोठ्या पदावर गेल्या. १९५५ ते १९६१ या काळात त्या दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या. पंडित नेहरूंशी त्यांचा चांगला स्नेह जमला. आशियातील दारिद्र्यावरचा गुन्नार यांचा प्रसिद्ध ग्रंथ याच वास्तव्यात आकाराला येऊ लागला.

मायदेशी परतल्यावर साठीच्या उंबरठ्यावर त्यांना नवेच काम मिळाले. १९६२ पासून जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत त्या स्वीडनची बाजू मांडू लागल्या. स्वीडनने स्वतःच अणुबाँब करावा की नाही, असा वाद तेव्हा तेथे चालू होता. आल्वाबाई बाँबच्या विरुद्ध होत्या. जमिनीखाली केलेले अणुस्फोट बाहेरून ओळखता येत नाहीत, अशी सबब पुढे केली जाई. भूकंपमापक यंत्रांनी ते बरेचसे ओळखता येतात, हे त्यांनी शास्त्रज्ञांना हाताशी धरून मांडले. मंत्री म्हणूनही १९७३ पर्यंत त्यांनी हे काम केले. दोन्ही महासत्तांना शस्त्रकपात मनापासून नकोच आहे, असे त्यांनी १९७६ च्या ग्रंथात पुराव्यांसह दाखवून दिले.

१९८२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मेक्सिकोचे गार्सिया रोब्लेस यांच्याबरोबर विभागून मिळाले. गुन्नार यांना अर्थशास्त्राचे नोबेल १९७४ मध्येच मिळालेले होते. पण त्याच १९८२ मध्ये थोरला मुलगा यान याने बालपणाच्या आठवणींचे पुस्तक छापले आणि आईने आपल्याला माया दिली नाही, अशी तक्रार जगासमोर मांडली. हा घाव आल्वाबाईंना फार लागला. १ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी त्यांना ८४ वर्षे पूर्ण झाली होती.