चिमणीचा पिवळा गळा

मुलांनो, कन्हेरीच्या शिवारात बाभळीला लटकलेला सुगरणीचा खोपा तुम्ही पाहिला असेल. नाव सुगरणीचे, पण खोपा विणतो नर! मादी तो पाहून पसंत करते. अलिबागजवळ किहीमला १९३० मध्ये तासन्‌तास बसून हे टिपून ठेवले ते सलीम अली यांनी.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामा शिकारी होते, म्हणून भाच्याच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली. त्या काळी यात कोणाला वावगे वाटत नसे.

एकदा सलीमने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. सलीम भीत भीत आत गेला. चिटणीस मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी टिकवायला शिकवले.

पुढे कॉलेजात गणिताने छळले, ब्रह्मदेशातल्या घरच्या धंद्यात जम बसला नाही. पाखरांचा नाद मात्र सुटला नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले.

२० जून १९८७ रोजी ते वारले. त्याआधी दोन वर्षे निघालेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी ती चिमणीच ठेवली होती.