गिटार न वाजवणारा गिटारवाला

शिरोड्याकडच्या जत्रेत दशावतार रंगतो तो पेटी, पखवाज आणि झांजेच्या बळावर. ऑर्केस्ट्रा आला की मात्र पोरांची नजर खिळते दोन शिंगांच्या चकचकीत इलेक्ट्रिक गिटारवर. गंमत म्हणजे तिला हे रूप देणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. सुरात लावणेही जमत नसे!

फेंडरचा जन्म 10 ऑगस्ट 1909 चा, कॅलिफोर्नियातला. घरची संत्र्यांची बाग. लहानपणीच एक डोळा गेला, तिथे काचेचा बसला. तो हिशेबनीस झाला, पण मंदीत नोकरी गेली. मग 1938 मध्ये 600 डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. (वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापूरला गेले, ते याच वर्षी.)

दुकानात वादक अँप्लिफायर घेऊन येत आणि गाऱ्हाणी सांगत. पोकळ गिटारचा आवाज वाढवला, की तिचे पोटच थरथरू लागे आणि कर्कश शीळ उठे. पोटच नको, भरीव लाकूडच घ्या, हा उपाय इतरांनाही सुचला होता. पण फेंडर पडला दुरुस्तीवाला. त्याने गिटारची मान स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. अशी गिटार कारखान्यात भराभर होऊ लागली. 1950 चे तिचे ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव दुसऱ्या कंपनीच्या ड्रमशी जुळत असल्याने बदलावे लागले. 1951 मध्ये ती ‘टेलिकास्टर’ झाली. कडा बरगडीला टोचतात, अशी वादकांची तक्रार होती. म्हणून 1954 च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ला त्याने अंगासरशी गोलाई दिली. शिंगे दोन झाली तीही तिथेच.

प्रकृती साथ देईना म्हणून 1965 मध्ये त्याने कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरना विकून टाकली. पुढे तो बरा झाला, पण स्वतःचे नाव परक्याच्या मालकीचे होऊन बसले होते. 1969 मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने स्ट्रॅटोकास्टर कडाडवली तेव्हा तिच्यावर फेंडर हेच नाव होते. कंपनी त्याची नव्हती. मला ही गोष्ट पैशांच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

तरी गडी स्वस्थ बसला नाही. दुसऱ्या नावांनी पुन्हा गिटारी काढल्या. कंपवाताने हात थरथरत असतानाही तो कामाच्या टेबलाशी जाऊन बसे. 21 मार्च 1991 रोजी तो गेला. त्याआधीच्या दिवसांतही त्याचे कारखान्यात जाणे चालूच होते.