प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर : जीवन व कार्य

निबंधकार आणि ‘सुधारक’कर्ते म्हणून आगरकर आपणांस परिचित आहेत. प्रस्तुत उपघटकात त्यांच्या शिक्षकी जीवनाचा व प्राचार्यपदाचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळील टेंभू या गावी झाला. घरच्या दारिद्र्यामुळे त्यांचे शिक्षण सलग होऊ शकले नाही. कराडला त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली आणि शेवटी अकोल्याहून १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. नोकरी आणि प्रपंच सांभाळून शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही वाटचाल ओळखीची वाटेल. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची टिळकांशी मैत्री जमली. एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीत मोठा पगार सहज मिळाला असता. परंतु पोटापुरत्या वेतनावर लोकशिक्षणाचे कार्य करण्याचा निश्चय त्यांनी आईला पत्राने कळवला.

१८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते दाखल झाले. १८८१ पासून ते ‘केसरी’चे संपादक होते. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तेथे प्राध्यापक झाले. भाषेच्या अभ्यासकांनी त्यांचा १८८८ मधील ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ विसरू नये. मराठी वाक्याचे पृथक्करण करणारा तो आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय.

सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावर मित्रांत अंतर पडले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे ऑगस्ट १८९२ मध्ये निवर्तले, तेव्हा प्राचार्यपद आगरकरांकडे आले.

ही नेमणूक साधी नव्हती. कॉलेज लोकाश्रयावर उभे होते आणि ज्या समाजाकडून देणग्या व विद्यार्थी यायचे, त्याच समाजाच्या रूढींवर प्राचार्यांची लेखणी प्रहार करीत होती. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. संस्थेचे हित आणि स्वतःचे मत यांपैकी एकाचा त्याग करणे सोपे होते. आगरकरांनी कोणताच केला नाही. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण यांविषयी ते लिहीत राहिले आणि वर्गातील अध्यापनही निष्ठेने चालू ठेवले.

दम्याने मात्र त्यांना सवड दिली नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. जेमतेम तीन वर्षांच्या या कारकिर्दीचे मोल कालावधीने ठरत नाही. शिक्षकाने समाजाचे साहाय्य घेऊनही आपले विचारस्वातंत्र्य राखावे, हा तिचा खरा वारसा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : प्राचार्य आणि सुधारक या आगरकरांच्या दोन भूमिका परस्परपूरक होत्या की परस्परविरोधी, याविषयी आपले मत सकारण मांडा.