नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, संपादक आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. मुले व निसर्ग यांवरील कवितांमुळे त्यांना 'फुलामुलांचे कवी' असे म्हटले जाते. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. ते स्वभावाने कठोर होते आणि नारायणशी त्यांचे कधी जुळले नाही. आई जानकीबाई प्रेमळ व काव्याची आवड असणारी होती. प्राथमिक शिक्षण कल्याण येथे झाले. १८७३ मध्ये आईचे निधन झाल्यावर बापलेकांमधील दुवा तुटला आणि नारायणने लहान वयातच घर सोडले.

नाशिकमधील शिक्षण

घर सोडल्यावर ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. पुढे काही काळ ते इंग्रजी शाळेत शिकले, परंतु मॅट्रिक होण्यापूर्वीच अर्थार्जनासाठी त्यांना शिक्षण सोडावे लागले. घरात न मिळालेली माया व मार्गदर्शन त्यांना गुरूकडून मिळाले. त्यांच्या काव्याचा पाया याच काळात घातला गेला.

विवाह

१८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. टिळकांनी शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी अशी अनेक कामे केली, पण ते एका ठिकाणी फार काळ रमले नाहीत. न सांगता घरातून निघून जाण्याची सवय त्यांना प्रौढपणीही होती. ते शीघ्रकोपी होते, तसेच कमालीचे उदारही होते.

धर्मांतर आणि कुटुंब

नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्याच्या वाचनाने, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने, ते प्रभावित झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यामुळे कुटुंबात मोठा दुरावा निर्माण झाला. लक्ष्मीबाई लहानग्या देवदत्तला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. सुमारे पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांचे पुढील बरेचसे आयुष्य अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेले.

मुलांविषयीची दृष्टी

मुलांच्या संगोपनाविषयी ख्रिस्ती शिकवणीत दोन सूर आढळतात. 'नीतिसूत्रे' या ग्रंथात शिक्षेवर भर आहे. पौलाच्या इफिसकरांस पत्रात बापाने मुलांना चिडीस आणू नये असे सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात तर घर सोडून गेलेला मुलगा परततो, तेव्हा बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. टिळकांच्या भक्तिकाव्याचा कल या दुसऱ्या सुराकडे आहे. मराठी संतपरंपरेतील माउलीची प्रतिमा त्यांनी ख्रिस्तासाठी वापरली. त्यांच्या भजनांतील देव शासन करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा चुकलेल्या लेकराला जवळ घेणाऱ्या आईसारखा आहे.

हीच वृत्ती त्यांच्या घरातही होती. टिळक दांपत्याने अनेक अनाथ व गरजू मुलांना आश्रय दिला. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हेदेखील काही काळ त्यांच्या घरी राहिले. हळव्या आणि लहरी स्वभावाच्या या तरुणाला लक्ष्मीबाईंनी मुलाप्रमाणे सांभाळले. घरातील संगोपनाचा प्रत्यक्ष भार बहुतांशी लक्ष्मीबाईंवरच होता. आश्रितांची संख्या आणि टिळकांचा सढळ हात यांमुळे संसारात नेहमी ओढाताण असे.

साहित्य

टिळकांनी शंभरांहून अधिक ख्रिस्ती भजने रचली. ती मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायली जातात. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'माझी भार्या' आणि 'बापाचे अश्रू' या त्यांच्या प्रसिद्ध काव्यरचना होत. 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे त्यांनी संपादन केले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हातून अपूर्ण राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

अखेरचा काळ आणि वारसा

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले. देवदत्त टिळक यांनी वडिलांच्या चरित्रासाठी साहित्य जमवण्यास सुरुवात केली, तेव्हा लक्ष्मीबाई आपल्या आठवणी लिहू लागल्या. त्यांतून 'स्मृतिचित्रे' साकारले. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांचे वात्सल्य आणि त्यांचा संताप या दोहोंची नोंद त्या ग्रंथात आहे.