रानफुलांचा भाष्यकार : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना फुला-मुलांचे कवी म्हणून ओळखतात. क्रमिक पुस्तकांतून त्यांची कविता वाचलेल्या पिढ्यांना हे बिरुद इतके परिचयाचे झाले आहे, की त्यामागे एका माणसाने आयुष्यभर चालविलेला शोध दडलेला आहे याचे भान सहसा राहत नाही. बायबलमधील वचने आणि आपल्या डोळ्यांसमोरचा निसर्ग यांतील नाते हुडकण्याचा तो शोध होता. ग्रंथ दूर देशीचा, आणि निसर्ग मात्र सह्याद्रीतला, गोदाकाठचा! ही सांगड टिळकांनी कशी घातली आणि तिच्यासाठी त्यांना व त्यांच्या घराला काय किंमत मोजावी लागली, हे पाहण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई यांना कवितेची आवड होती. कोकणातील डोंगर, ओढे आणि आईच्या तोंडची पदे हेच या मुलाचे पहिले शिक्षण. आई लवकर गेली आणि घराचा धागाच तुटला. नारायण घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या व्युत्पन्न पंडितापाशी त्याला संस्कृत शिकावयास मिळाले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. पुढची काही वर्षे टिळकांनी अनेक गावे पाहिली व अनेक नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. कोठेही पाय ठरत नव्हता, कारण मनच ठरत नव्हते. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असताना धर्म म्हणजे काय, आणि आपल्या देशाचे दैन्य कशाने दूर होईल, हेच प्रश्न त्यांना सतावीत होते.

अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली, संभाषण कवितेवर आले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. ह्या पुस्तकाचा अभ्यास केलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. तेथून त्यांचे मन पुढे सरकेना.

ह्याच तीन अध्यायांनी त्यांना का धरून ठेवावे? प्रवचनातील नीती उदात्त आहे, हे एक कारण झालेच. परंतु वाचणारा कवी होता हे विसरता येणार नाही. पाचव्या ते सातव्या अध्यायांपर्यंत पसरलेल्या या १११ वचनांत केवळ उपदेश नाही, त्यांत साऱ्या सृष्टीची वर्दळ आहे. त्यात मीठ आहे, दिवा आहे. सज्जन-दुर्जनांवर सारखाच उगवणारा सूर्य आणि सारखाच पडणारा पाऊस आहे. न पेरता, न कापता जगणारी आकाशातील पाखरे आहेत. राजाच्या वस्त्रांना लाजविणारी रानातील फुले आहेत. काटेरी झुडपाला द्राक्षे लागत नाहीत हा शेतकऱ्याचा साधा अनुभव आहे, आणि शेवटी खडकावरचे घर, वाळूवरचे घर व त्यांवर कोसळणारा पूर आहे. रूक्ष तत्त्वचर्चेला कंटाळलेल्या कवीला येथे ओळखीचे जग भेटले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक पुढे म्हणत. झाडे-वेलींशी सोयरीक जोडणाऱ्या त्या संताच्या अभंगांवर वाढलेल्या मनाला पाखरे आणि फुले दाखवून बोलणारा गुरू परका वाटला नाही, यात नवल ते काय?

वाचनानंतर पत्रव्यवहार झाला, तळमळ झाली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी एका भारतीय धर्मोपदेशकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परंतु या एका दिवसाने त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आधाराने राहू लागल्या. जवळजवळ पाच वर्षांचा तो वियोग, त्यातील अपमान, अश्रू आणि तरीही न तुटलेली ओढ लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त जशी सांगितली आहे, तशी दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही. त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी टिळकांकडे परत आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता मूळ विषयाकडे वळू. बायबल हा भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशातला ग्रंथ. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, रान वसंतात फुलते आणि उन्हाळ्यात गवत वाळून चुलीत जाते. आपल्याकडे पाऊस मृगापासून, आणि डोंगर फुलतात ते भाद्रपद-आश्विनात. मग तिकडची वनस्पती इकडच्या वाचकाला कशी दाखवावी? ही अडचण मराठी भाषांतरकारांना पहिल्यापासून होती. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. तो स्वतः वनस्पतींचा मोठा जाणकार होता आणि रॉक्सबर्गचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ त्याने संपादून प्रसिद्ध केला. डोंगरावरील प्रवचनातील फुलाला मराठी बायबलमध्ये भूकमळ असा शब्द रूढ झाला. वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत पाहू गेल्यास ते फूल बहुधा पॅलेस्टाइनच्या माळावर वसंतात उगवणारे तांबडे ॲनिमोन असावे. जख्खय नावाचा ठेंगू जकातदार ज्या झाडावर चढून येशूला पाहतो, त्याला मराठीत उंबर म्हटले आहे. ते झाड आणि आपला उंबर तंतोतंत एक नव्हेत. पण कूळ एकच, आणि दोघांचीही फळे खोडाला व फांद्यांना घोसांनी लगडतात. भाषांतरकाराने येथे अचूक सोयरा शोधला आहे, असेच म्हणावे लागेल.

आपल्या शहरातील विद्यार्थ्याला तर यासाठी फार दूर जावयास नको. शहागंजच्या बाजारातून एक फेरी मारली तरी बायबलमधील अर्धी बाग दृष्टीस पडेल. द्राक्षे, डाळिंबे, अंजीर, खजूर हे सारे त्या ग्रंथात पानोपानी आहे. दौलताबादेच्या द्राक्षा-डाळिंबांचे वर्णन चौदाव्या शतकात इब्न बतूतानेही करून ठेवले आहे. किराणा दुकानात पुडीत बांधून मिळणारी मोहरी घ्या. स्वर्गाच्या राज्याला येशूने मोहरीच्या दाण्याची उपमा दिली, तेव्हा त्याच्या श्रोत्यांसमोर चांगल्या जमिनीत पुरुषभर उंचीच्याही वर जाणारी काळी मोहरी होती. फोडणीत तडतडणारा तोच इवला दाणा हातावर घेऊन पाहिला, म्हणजे उपमेतील आश्चर्य विनासायास उमगते. हे काही कोणा एका धर्माच्याच माणसाला कळावे असे नाही. दाणा ज्याने पेरला आहे त्या प्रत्येकाला ते कळते.

टिळकांचे वैशिष्ट्य असे, की ते नुसती नावे जुळवीत बसले नाहीत. त्यांनी पद्धतच आत्मसात केली. येशूने आपल्या लोकांना त्यांच्या रानातील फुलाकडे पाहावयास सांगितले. मग मराठी माणसाने मराठी रानातील फुलाकडे का पाहू नये? म्हणून ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत कवी रानात एकट्याने फुललेल्या फुलाशी संवाद करतो. चिमणीचेही तसेच. दोन चिमण्या कवडीमोलाने विकल्या जातात, पण त्यांतली एकही पित्याच्या नकळत भुईवर पडत नाही, असे शुभवर्तमानात आहे. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतील घायाळ पक्षीण शेवटचा घास चोचीत घेऊन पिलांपाशी पोहोचते आणि तेथेच प्राण सोडते. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या, की कवितेतील पक्षिणीचे पडणे कोणीतरी पाहिले आहे, कोणाचे तरी हृदय त्याने हलले आहे, असे वाटू लागते. तेथे बायबलचे नाव नाही, उपदेश नाही. आहे ती फक्त दृष्टी.

परंतु ही दृष्टी सुखवस्तू माणसाचा विरंगुळा नव्हती. तिची परीक्षा लवकरच झाली. १८९६ पासून प्लेगने आणि १८९९-१९०० मध्ये भीषण दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला; नगर जिल्ह्याप्रमाणे मराठवाड्यालाही त्याची झळ लागली. सूर्य सर्वांवर सारखाच तापत होता, आणि पाऊस मात्र कोणावरच पडत नव्हता! पाखरांना खाऊ घालणारा पिता कोठे आहे, असा प्रश्न त्या दिवसांत कोणाही विचारी माणसाला पडला असता. टिळकांनी त्याचे उत्तर कवितेत शोधत न बसता घराचे दार उघडून दिले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथे दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी वाढली. पाखरांना घास मिळावयाचा असेल, तर तो कोणाच्या तरी हातून मिळाला पाहिजे, हा त्या वचनाचा त्यांनी जगून दाखविलेला अर्थ होय.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. उद्याची चिंता करू नका, हे वचन टिळकांनी अक्षरशः घेतले. हाती आलेला पैसा त्यांच्यापाशी टिकत नसे; मागणारा दिसला की तो देऊन टाकावयाचा, आणि संध्याकाळी घरात काय शिजेल याचा विचार लक्ष्मीबाईंनी करावयाचा. रानातले फूल कष्ट करीत नाही हे खरे, पण संसार काही आपोआप फुलत नाही. टिळकांच्या निश्चिंतपणाचा पुष्कळसा भार त्यांच्या पत्नीने वाहिला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पदोपदी जाणवते. म्हणून टिळकांचे चरित्र लिहिताना ज्या बाईने त्या फुलाच्या मुळाशी पाणी घातले, तिला विसरून चालणार नाही. गंमत अशी, की तिने हे सारे तक्रारीच्या सुरात न सांगता हसत-हसवीत सांगितले.

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर, ते भारतीय औषधी वनस्पतींचे मोठे अभ्यासक. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कवितेने सर्वांना चकित केले आणि तो ‘बालकवी’ झाला. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला, टिळकांच्या सहवासात वाढला. निसर्गाकडे पाहण्याची बालकवींची रीत स्वतंत्र होती. त्यांच्या फुलांना कोणत्याही ग्रंथाचा आधार लागला नाही. टिळकांनी त्यांना आपल्या साच्यात ओतण्याचा आग्रह धरला नाही, हा त्यांच्या रसिकतेचा मोठेपणा. ५ मे १९१८ रोजी बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले.

१९०४ साली टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. ‘अभंगांजली’तून आणि शेकडो भजनांतून त्यांनी ख्रिस्तभक्तीला ओवी, अभंग, टाळ आणि कीर्तन यांचे मराठी रूप दिले. परदेशी चालीचा पोशाख टाकून ख्रिस्ताने या मातीतून चालावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठीच १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ हा सर्वांना खुला असलेला भक्तमेळा त्यांनी मांडला. परंतु हाती वेळ थोडा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांच्या मागे शेवटचा अध्याय लिहून पुरे केले चिरंजीव देवदत्त यांनी. लग्नानंतर लिहा-वाचावयास शिकलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य हाती घ्यावे, ही घटना दाण्यातून वृक्ष व्हावा तशीच आहे.

टिळकांची श्रद्धा सर्वांची असेल असे नाही, असण्याची गरजही नाही. मात्र त्यांच्या जीवनातून एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने घेण्यासारखी आहे. ग्रंथ कोणताही असो, त्यातील शब्द आपल्या परिसरातील वस्तूशी ताडून पाहिल्याशिवाय तो आपला होत नाही. आणि वस्तू नीट पाहिल्याशिवाय शब्द खरा होत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याजवळच्या कास पठारावर किंवा आपल्या वेरुळ-खुलताबादच्या डोंगरउतारावर रानफुले येतात, चार दिवस राहतात आणि जातात. टिळकांनी त्यांच्याकडे पाहावयास शिकविले, आणि पाहून झाल्यावर दारातल्या भुकेल्या मुलाकडेही पाहावयास लावले. ह्या दोन्ही नजरा ज्याच्यापाशी आहेत, त्यालाच फुला-मुलांचा कवी हे नाव शोभते.