आईच्या मृत्यूनंतर वैद्य झालेला ली गाओ

ली गाओ यांचा जन्म उत्तर चीनमध्ये ११८० साली एका सधन घरात झाला. ते तरुण असताना आई आजारी पडली. अनेक वैद्य आले, प्रत्येकाचे औषध निराळे. आजार कोणता हे कळण्याआधीच ती गेली. या धक्क्यानंतर ली यांनी मोठी रक्कम मोजून झांग युआन्सू या नामांकित वैद्यांचे शिष्यत्व पत्करले.

१२३२ मध्ये मंगोल फौजांनी कायफेंगला वेढा घातला. त्यानंतर शहरात तापाने माणसे पटापट मरू लागली. इतर वैद्य घाम आणणारी आणि जुलाबाची औषधे देत होते. ली यांना मात्र मूळ दिसले ते उपासमारीत, श्रमात आणि भीतीत. त्यांनी खचलेल्या जठराला बळ देणारा काढा योजला. त्यात जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल होती. १२४९ मध्ये त्यांनी प्लीहा व जठरावर ग्रंथ लिहिला. १२५१ मध्ये ते वारले.

जठराचे अस्तर झिजते तेव्हा पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. अशा रुग्णांना चीनमध्ये आजही ली यांच्या परंपरेतले काढे दिले जातात. मात्र त्यांनी कर्करोग टळतो, हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. या झिजेमागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. त्यावर प्रतिजैविके आहेत, अस्तराची तपासणी एंडोस्कोपीने होते. जुनाट अपचन, घटते वजन, काळी शौच असल्यास काढ्यावर दिवस काढू नयेत. आधी निदान, मग औषध. ली यांच्या आईला नेमके हेच मिळाले नव्हते.